क्लबातले अननसाचे सरबत

"गुरुवार, ८ फेब्रुवारी १९९६, इंदापूर. उपास. नळाला पाणी दहा वाजता. दुपारी निमगावहून झुंबर आला. त्याच्याशी बोलताना दूध करपले. घरभर वास, त्याला पत्ता नाही. चार वाजता गेला. पुढचे उद्या लिहीन, आज हात स्थिर नाही."

चौपन्न वर्षे मी रोज डायरी लिहिते आहे. हात स्थिर नाही असे त्याआधी फक्त एकदा लिहिले होते, यजमान गेले त्या दिवशी.

झुंबर मूळचा निमगाव केतकीचा. वडील मेंढरे राखायचे. एकोणिसाव्या वर्षी तो आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या क्लबात बेअरर म्हणून लागला. यजमान तिथे इंजिनिअर होते. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे झुंबरने दारूचा थेंब कधी जिभेवर ठेवला नाही. तरी क्लबातली पेये तोच बनवी. सत्तरच्या सुमारास यंत्रे बसवायला एक परदेशी इंजिनिअर आठ महिने येऊन राहिला होता. रम, फळांचे रस, बदामाचे सरबत, जायफळ यांची दूरच्या बेटांच्या थाटाची पेये त्याने झुंबरला शिकवली. त्यांना तो टिकी म्हणे. झुंबरचे सगळे काम नाकावर. बूच निघाले की रम काळी की पांढरी, कोणत्या डिस्टिलरीची, हे तो दारातून सांगे. "मळीचंच लेकरू हाय ते बाईसाहेब. मळीच्या वासात तर आमी वाढलो." मापाचा पेला त्याने कधी हातात धरला नाही. धार सोडायची, वास घ्यायचा, आणखी थोडी सोडायची.

त्या इंजिनिअरकडे मुखवट्यासारखे चेहरे कोरलेले मातीचे पेले होते. तसे सहा पेले झुंबरने गावच्या कुंभाराकडून करवून घेतले. कुंभाराने आपल्या समजुतीने त्यांना भरघोस मिशा दिल्या आणि कपाळावर भंडाऱ्याचे पट्टे ओढले. झुंबरची बायको ठमाबाई हिने ते पाहिले मात्र, देवळीत मांडून हळद वाहिली. "देव झाले आता त्यांचे. त्यात काय वतायचं?" असे म्हणून झुंबरने पेये काचेच्या ग्लासातच ठेवली.

निवृत्तीनंतर त्याला बारामतीच्या विजयसिंह नावाच्या एका हॉटेलमालकाने आपल्या परमिट रूममध्ये नेले. मुंबईला अशी पेये पिऊन आलेला हा तरुण गृहस्थ. बारामतीची गिऱ्हाइके मात्र क्वार्टर आणि शेंगदाण्यांवर खूश. ग्लासावरची कागदी छत्री बघून एकाने विचारले होते, "तात्या, आत पाऊस पडतोय व्हय?" झुंबर हे मला हसत सांगे.

त्या गुरुवारी तो हसला नाही.

"बाईसाहेब, दिवाळीत ताप आला, तवापास्नं नाक गेलंय. काय म्हंजे कायबी कळंना. घरी कुनाला सांगितलं न्हाय."

"डॉक्टरला दाखव."

"दोन झाले. परवा शनवारी मालकाकडं परदेशी पाव्हणे येनार. मालक म्हनला, जमलं तर ऱ्हा, न्हायतर घरला जा. मला दुसरं काय येतंय?"

"मग कोणाकडून तरी चाखवून घे."

"आमची मान्सं गिळत्यात, चाखत न्हाईत." तो खाली बघत बोलू लागला. "त्याची खरी चव आता एका तुमच्याच जिभंला ठावी हाय."

मी म्हटले, मी तर क्लबात फक्त अननसाचे सरबत घेत असे.

"व्हय," तो म्हणाला. "त्येच."

मला कळायला वेळ लागला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सोमवार-गुरुवार करणारी बाई. क्लबातल्या पार्ट्यांत इतर बायकांच्या हातातल्या ग्लासांकडे मी कोणत्या नजरेने पाहत असे, ते मला चांगले आठवते.

"साहेबांनी सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "बाईसाहेब कोपऱ्यात बसून ऱ्हात्यात, कुनाशी बोलत न्हाईत. त्यांच्या सरबतात थोडी घाल, पर बोलू नगं."

"आणि साहेब गेल्यावर? चार दसरे मी तिथे आले होते."

"बंद कर म्हनून साहेब बोलले न्हवते."

मी त्याला जा म्हटले. तो गेला.

रात्रीचे जेवण केले नाही. ट्रंकेतून जुन्या डायऱ्या काढल्या. सगळे माझ्याच अक्षरात होते. "२६ जानेवारी १९७८. क्लब. सरबतात जायफळ जास्त. परतताना यांच्याबरोबर गाणी म्हटली." "दसरा १९८१. आज लिंबू पुढे, बदाम मागे. बॅडमिंटन खेळले." "दसरा १९८७. सरबत अगदी जमलेले. हे गेल्यापासून प्रथमच गाढ झोप." पानोपानी अशा नोंदी. यजमानांवर चिडावे तर समोर फोटो, आणि फोटोत ते हसतच असतात.

शुक्रवारी सकाळी दार उघडले तर झुंबर पायरीवर. शेजारी पिशवी, पिशवीत दोन बाटल्या, दोन अननस, नारळाचे दूध, डाळिंबाचा पाक. मी त्याला आत घेतले. का घेतले, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्याने स्टीलच्या डब्यात मिसळले, चमचाभर माझ्यापुढे धरले. ती चव जिभेवर येताच क्लबाचे वेताचे कोच, मागे लागलेली पेटीवादनाची रेकॉर्ड, यजमानांचा पांढरा शर्ट, सगळे एकदम आले.

"दालचिनी जास्त," मी म्हटले. "आणि पूर्वी लिंबू आधी लागायचे."

दुसऱ्या वेळी काळी रम जड झाली. तिसऱ्या वेळी जमले. तो हाताने ओतत होता. मी प्रत्येक वस्तू खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून घेतली आणि कोऱ्या कागदावर क्रमाने, मोठ्या अक्षरात लिहून दिली. काळी किती, पांढरी किती, आधी काय, मागून काय, किती वेळ हलवायचे.

"नाकावर अवलंबून राहू नकोस. हे बघून कर."

त्याने कागद कपाळाला लावला. आपण फार उपयोगाचे काम केले असे मला वाटले. तसे मी त्या दिवशी लिहूनही ठेवले आहे.

रविवारी अकरा वाजता तो परत आला. पाहुण्यांनी तीन-तीन ग्लास घेतले होते. एकाने उठून हात मिळवला होता.

"मग जमले ना?"

"जमलं की. कागद समोर भिंतीला लावला व्हता, धांदलीत इसरू नये म्हनून. मालकानं वाचला. सकाळी वेटरला करायला लावलं. कागद बघून त्यानंबी तसंच केलं. मालकानं चाखलं, म्हनला, तात्या, आता कशाला ह्या वयात निमगाव-बारामती करताय."

मी त्याला आत बसवले.

"अक्षर कुनाचं, म्हनून इचारत व्हता," झुंबर म्हणाला. "लई सुवाच्य हाय म्हनला."

"मी बारामतीला येते. त्याला सांगते की कागद माझा आहे, परत दे."

"त्येला आता पाठ झालंय बाईसाहेब."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने चहा मागितला. मी आले जास्त घातले होते. त्याने कप नाकाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग प्याला. ठमाबाईला काय सांगणार, असे मी विचारले. "नाक गेलंय म्हनून सांगतो. आता सांगायला हरकत न्हाय." दीडच्या एसटीने तो निमगावला गेला.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिले: "रविवार, ११ फेब्रुवारी. रॉकेल दोन लिटर शिल्लक. मोरीच्या खिडकीची जाळी फाटली आहे, बदलायला हवी."