कात्री कुणाकडे आहे

कीबोर्डला हात लावण्याआधी शालनताई दोन्ही तळवे पदराला पुसायच्या. कंस उघडला की आधी बंद करायच्या, मग आत लिहायच्या. रंग विचारला की ब्लाउजपीसचा सांगायच्या: रामा, मोतिया, चिंतामणी. चूक सापडली की "उसवा" म्हणायच्या आणि हसायच्या नाहीत.

त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. आंबिवलीला वडिलांसोबत, आबांसोबत, राहायच्या. वीस वर्षं ब्लाउज शिवले, मग सुईत दोरा ओवता येईना. "पडद्यावरचं अक्षर मोठं करता येतं, सुईचं नेढं नाही," असं त्यांनी क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. कल्याणच्या त्या क्लासमध्ये वेबसाइटचा दर्शनी भाग, म्हणजे माणसाला दिसतो तेवढा, करायला शिकवायचे. मी मराठी घेऊन बी.ए. करून घरी बसले होते. प्रेम मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून आला होता. आमचा तिघांचा गट झाला.

वीस तारखेला माजिवड्याच्या एका कंपनीचे लोक येणार होते. ज्या गटाचं पान आवडेल, त्या गटाला सहा महिन्यांचं काम. शालनताईंना ते हवंच होतं. जे येत होतं ते आता जमत नव्हतं.

पान कशाचं करायचं?

"बाइकचं," प्रेम म्हणाला. "एकदम भारी दिसतं."

"बाइक तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही," ताई म्हणाल्या. "आमच्या विहारात वाचनालय आहे. आबा बघतात. यादी वहीत, वही त्यांच्या उशाशी. ती मोबाइलवर येऊ दे."

"आबांचा मोबाइल कोणता?"

"भिंग लावून बघावा असा."

प्रेमने कपाळावर हात मारला.

फाइल एकच होती, तिघांना उघडता येईल अशी. दुसऱ्या आठवड्यात मी माझ्याकडची जुनी फाइल तिच्यावर चढवली. ताईंचं चार तासांचं काम पुसलं गेलं.

ताई पाणी प्यायल्या. "मानपाड्याच्या दुकानात आम्ही तिघी होतो आणि चांगली कात्री एक. घेतली की मोठ्याने सांगायचं. ठेवली की सांगायचं. न सांगता उचलली तर मालकीण ओरडायची नाही, आम्हीच ओरडायचो."

"मग ओरडा ना," मी म्हणाले.

"आता नको, संचिता. ही चूक नियमाआधीची."

तेव्हापासून ग्रुपवर दोनच मेसेज यायचे. फाइल उघडली की 'कात्री माझ्याकडे.' बंद केली की 'कात्री टेबलावर.' प्रेम मधेच 'कात्रीला धार लावतोय, उद्या देतो' असं टाकायचा. ताई उत्तर द्यायच्या, 'आळशा, ठेव खाली.' इतर गटांत रोज भांडणं व्हायची. आमचं पुन्हा काही पुसलं गेलं नाही.

पान झालं. तीनशे बारा पुस्तकं. कॉम्प्युटरवर नीट दिसायचं. फोनवर यादी उजवीकडे बाहेर जायची, लेखकांची नावं अर्धी. लहान पडद्यासाठी वेगळी मापं लिहायची होती. ते काम ताईंनी मागून घेतलं. मापं माझी, म्हणाल्या.

सोळा तारखेला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. कात्री माझ्याकडे.

सतराला सकाळी आबांचा फोन आला. त्यांनी जय भीम म्हटलं आणि मग सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ताई गेल्या होत्या.

त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या.

एकोणीसला प्रेम आणि मी क्लासमध्ये बसलो. उरलेलं काम तासाभराचं होतं.

"तू लिही," मी म्हणाले.

"कात्री कुठाय?"

मी ग्रुप बघितला. शेवटचा मेसेज तोच होता.

वीसला आम्ही पान तसंच दाखवलं. कंपनीच्या बाईंनी ते स्वतःच्या फोनवर उघडलं. यादी बोटाने इकडेतिकडे सरकवली. "फोनचं राहिलं का?"

"ते ताईंकडे आहे," प्रेम म्हणाला.

काम दुसऱ्या गटाला मिळालं.

नंतर एकदा मी ती फाइल उघडली, नुसती वाचायला. अगदी खाली लहान पडद्याचा भाग होता. वर मराठीत एक ओळ: आबांच्या फोनची रुंदी टेपने मोजून आणणे. तिच्याखाली कंस उघडलेला, बंद केलेला. आत काही नव्हतं.