काळ्या खोक्यातलं जेवण

दुकानात तिला सगळे चमचाताई म्हणत. नाव मॅनेजरनं ठेवलेलं. त्यातली कोपरखळी तिला कळत नव्हती असं नाही, पण तिनं आयुष्यात कुणाची चमचेगिरी केली नव्हती आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्या नावातली खोच कधीच बोथट झाली होती. उरला होता तो नुसता चमचा. तोही लाकडी, वापरून फेकायचा.

सुपरमार्केटमध्ये शिरलं की फळांच्या राशी ओलांडल्यावर तिचं टेबल लागायचं. कंपन्यांचा नवा माल आला की कागदी वाटीत त्याचा घासभर नमुना घालायचा, चमचा खोचायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हसून म्हणायचं, ‘चाखून बघा, घ्यायलाच हवं असं नाही.’ एरवी बिस्किटं, सरबतं, झटपट शेवया असलं काहीबाही असायचं. पण सणाचे दिवस जवळ आले की दुकान आपली खास खोकी बाहेर काढी. काळी कुळकुळीत, वर सोनेरी अक्षरं. आत मशरूमचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री, अंजीर-अक्रोडाचा केक, धूर दिलेलं चीज, भोपळ्याचं दाट सूप. साध्या पुठ्ठ्यात मिळणाऱ्या त्याच जिनसांपेक्षा किंमत चौपट. लोक खोकं उचलत, किंमत वाचत, खाली ठेवत, दोन पावलं पुढे जात आणि परत येत. ही येरझार बघण्यातच तिचा दिवस सरायचा.

बसायला स्टूल नव्हतं. मॅनेजरचं म्हणणं, बसलेल्या बाईच्या हातचं कुणी चाखत नाही. सणाच्या दिवसांत दुकान उशिरापर्यंत उघडं राही, आणि ती घरी पोचेतो तिचे घोटे पाव फुगावा तसे फुगलेले असत. मोज्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही जायचे नाहीत.

घरी आई होती. लग्न मोडल्यावर ती आईकडे परत आली, त्याला आता बराच काळ लोटला होता. आधी आईनं तिला सांभाळलं, मग हळूहळू, नेमकं कधी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, ती आईला सांभाळू लागली. आईनं मुलींच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात हयात काढली होती. आता गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, जेवण चिमणीएवढं. थोरला भाऊ, दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आईच्या औषधांचं तो बघायचा आणि सणाच्या दिवशी वहिनीला घेऊन जेवायला यायचा. ते जेवण चमचाताई करायची. पहाटे उठून, आदल्या दिवसाच्या पायांनी. दादा-वहिनी यायचे, आईजवळ गप्पा मारत बसायचे, आणि ती ओट्याशी उभी राहून त्यांची अर्धी अर्धी वाक्यं ऐकायची. जेवणाची तारीफ व्हायची. निघताना वहिनी न चुकता म्हणायची, ‘तुमच्या हाताला चव आहे हो.’ मग ती भांडी घासायची.

यंदा काहीतरी वेगळं झालं, आणि ते एका गिऱ्हाइकामुळे. करड्या स्वेटरातला एक म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत उभा होता. वाटीतला घास त्यानं खाल्ला, सावकाश चावला आणि विचारलं, ‘तुम्ही हे घरी नेता का?’

‘नेते की,’ ती म्हणाली. ‘पैसे वसूल आहेत.’

माणसानं मान डोलावली आणि खोकं पिशवीत टाकलं. त्यानं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तिनं मात्र नमुन्याचा घास सोडला तर त्या मशरूमच्या पायाचा एक तुकडाही कधी खाल्ला नव्हता, आणि तो घाससुद्धा गार, घाईत, मॅनेजरची पाठ असताना. उरलेला दिवस तिला ते लागून राहिलं. खोटं बोलल्याचं नव्हे. असली खोटी ती पोटासाठी रोज बोलत होती. लागलं ते हे, की ती इतकी दमली होती आणि तिच्या मागे फळीवर एक अख्खं जेवण तयार, शिजवलेलं, नुसतं गरम करायचं बाकी, असं रचून ठेवलेलं होतं, आणि ते आपल्यासाठीही असू शकतं हे इतक्या वर्षांत तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी, काम सुटल्यावर, तिनं एप्रन काढला आणि गिऱ्हाइकासारखी फळीसमोर जाऊन उभी राहिली. तिनंही खोकं उचललं, किंमत वाचली, खाली ठेवलं. दोन पावलं पुढे गेली, परत आली आणि चारही जिनसांची खोकी टोपलीत घातली. काउंटरवरच्या मुलीनं कामगारांची सूट लावली, तरी आकडा बघून तिची भुवई वर गेली. ‘पाहुणे मोठे दिसतायत,’ ती म्हणाली. चमचाताईनं हूं केलं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. आईनं दोनदा विचारलं, भाजी चिरायची नाही का. तिनं सांगितलं, यंदा चिरायचं काही नाही.

दादा-वहिनी आले तेव्हा घर गार होतं. म्हणजे ऊब होती, पण ओट्यावर वाफ नव्हती, फोडणीचा वास नव्हता, आणि ती चक्क बाहेरच्या खोलीत आईशेजारी बसली होती. दादानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ओट्यावर काळी खोकी ओळीनं मांडलेली. त्यानं एक उचललं. दादा मुळात थट्टेखोर माणूस. जिथे जाईल तिथे आधी एक कोटी करणार आणि मग चप्पल काढणार.

‘मशरूमचा पाय,’ त्यानं मोठ्यानं वाचलं. ‘मशरूमला पाय कधी फुटले?’

वहिनी हसली, आई हसली. मग त्यानं खोकं उलटं केलं, किमतीची चिकटपट्टी पाहिली आणि त्याचं हसू मावळलं. दुसरं खोकं पाहिलं, तिसरं पाहिलं. बाहेर येऊन तो जे बोलायला लागला ते त्याच्या नेहमीच्या सुरातलं नव्हतं. पैसे काय झाडाला लागतात का, चार माणसांच्या जेवणाला एवढे, आणि वरून शिळं. हिला दुकानात उभं राहून राहून दुकानाचीच भाषा चढली, लोकांना भुलवता भुलवता स्वतःच भुलली. वहिनीनं त्याच्या बाहीला हात लावला. तो थांबला नाही.

‘आईला तू हे विकतचं घालणार?’ तो म्हणाला. ‘सणाच्या दिवशी?’

तिला पुष्कळ बोलता आलं असतं. किती वर्षं, किती पहाटा, कोण ओट्याशी आणि कोण खुर्चीत. मनातल्या मनात ते भाषण तिनं कितीदा घोळवून ठेवलं होतं. पण ऐन वेळी त्यातला एक शब्दही वर आला नाही.

‘दादा, मी दमले रे,’ ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा, तसं तिनं ते सांगितलं. दादा जुन्या गोष्टीकडे वळला. आपल्या लहानपणी पैसे नव्हते, पण सणाला आई पावाचं पुडिंग करायची, तसं पुडिंग पुन्हा कुठे खाल्लं नाही. मोठ्या हॉटेलांत मागवून पाहिलं, पण आईच्या हाताची सर नाही. सण म्हणजे ते.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती तशीच बसून बोलली.

‘ते वसतिगृहाचं होतं.’

दादाला वाटलं आईला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, घरचं, सणाचं, पितळी डब्यातलं.

‘तेच सांगतेय,’ आई म्हणाली. ‘मुलींनी टाकलेल्या पावाच्या कडा आम्ही आठवडाभर जमवायचो. सणाला त्याचं घमेलंभर पुडिंग व्हायचं. दोनशे पोरींना वाढून खाली खरवड राहायची, ती डब्यात भरून आणायची मी. घरी येऊन पुन्हा चूल पेटवायची ताकद नव्हती माझ्यात. तुम्ही मिटक्या मारत खायचात, मग कशाला सांगू?’

दादाच्या चेहऱ्याकडे बघून चमचाताईला त्याची कीव आली. तिलाही ते ठाऊक नव्हतं. तिनंही ती चव आईच्या खात्यावर जमा करून ठेवली होती. पण तिला धक्का बसला नाही. उलट दाराच्या कडीचा आवाज, डबा ठेवून तशीच पाटावर टेकलेली आई, भिंतीला लावलेलं डोकं, हे सगळं तिला एकदम दिसलं, आणि ते इतक्या उशिरा, आज दिसावं याचंच तिला वाईट वाटलं. आईनं मग एवढंच म्हटलं, की भूक लागलीय, गरम करायचं ते करा.

खोक्यावर लिहिल्याबरहुकूम वहिनीनं सगळं गरम केलं. चमचाताई उठायला लागली तेव्हा वहिनीनं तिला हातानंच बसवलं. ओव्हनचं बटण कुठलं, एवढं विचारून ती आत गेली.

जेवण कसं होतं म्हणाल, तर सूप वाईट होतं. भोपळ्याचा रंग होता, भोपळा नव्हता. पिठाच्या पेजेत केशराचं स्वप्न पडावं तसं. चीजला धुराचा वास इतका, की दादा म्हणाला, आगीचा बंब बोलवा. बोलून झाल्यावर त्यानं बहिणीकडे चोरून पाहिलं. ती हसली, तेव्हा त्याला जरा मोकळं वाटलं. केक बरा होता, पण तसा बरा केक साध्या खोक्यातही मिळतो. पाय मात्र सुरेख होता. वरचा पापुद्रा खुसखुशीत, आतलं सारण दाट, मिरीचा बेताचा झणका. आईनं एक फोड संपवली आणि ताटली पुढे केली. दुसरी फोड मागितलेली तिला कुणी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

‘हे कोण करतं?’ आईनं विचारलं.

कारखान्यात होतं, मशीनवर, असं चमचाताईनं सांगितलं.

‘मशीनपाशी कुणी उभं असेलच की,’ आई म्हणाली आणि खाऊ लागली.

भांडी अशी पडलीच नाहीत. खोक्यांतली पातळ पत्र्याची ताटं चेपून कचऱ्यात टाकली, चार वाट्या विसळल्या, की ओटा मोकळा. आणि दुपार समोर पडलेली. सणाच्या दिवशी दुपार नावाची काही चीज असते हे चमचाताईला नवंच होतं. ती पाय वर घेऊन बसली. वहिनीनं तिच्या घोट्यांकडे पाहिलं, घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवलं, आणि समोर टेकली. दादा आईजवळच डुलक्या घेत होता. वहिनी हलक्या आवाजात बोलली.

‘यांचं काम सुटलंय. कोणाला सांगायचं नाही म्हणालेत.’

दादाचा विभागच बंद केला होता. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आईची औषधं साठवणीतून येत होती. वहिनी हे सांगताना रडली नाही, नुसती साडीच्या काठाची सुरकुती सरळ करत राहिली. चमचाताईला त्या किमतीच्या चिकटपट्ट्या आठवल्या, आणि त्या वाचताना दादाचा चेहरा. गेल्या सणालाही वहिनीचं काही ना काही असेल सांगण्यासारखं, त्याच्या आधीच्याही. ती ओट्याशी होती. वहिनी कुणाला सांगणार, तिच्या पाठीला?

तिनं घमेल्यातून पाय काढले. वहिनीला म्हणाली, बसा आता तुम्ही, पाणी अजून कोमट आहे. वहिनी नको नको म्हणत होती, पण तिचेही पाय सुजलेले होते. ती आता सकाळी एका घरी मुलं सांभाळायला जाते, हेही त्यानंतर निघालं.

संध्याकाळी दादा जागा झाला तेव्हा बायकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळायचं ते कळलं. निघताना तो बहिणीपाशी घुटमळला. म्हणाला, औषधांचं बघतो मी. ती म्हणाली, दोघं मिळून बघू. तो ‘बरं’ म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला, ती बराच वेळ त्याला बांधता आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. काळ्या खोक्यांवर पिवळ्या पट्ट्या लागल्या होत्या, किंमत पाव झाली होती, आणि परवा दोन पावलं पुढे जाऊन परत येणारे लोक आज पिशव्याच्या पिशव्या भरून नेत होते. काउंटरवरच्या मुलीला हळहळ वाटली. ताई, एक दिवस थांबायचं होतं, ती म्हणाली. चमचाताईनं विचार केला, पण तिला हळहळ वाटेना. ते जेवण तेवढ्या पैशांचं होतं असं तिला छातीठोक म्हणता आलं नसतं. सूप तर नव्हतंच नव्हतं. दमलेल्या माणसाला दुपार विकतात म्हणावं, तर ती खोक्यावर लिहिलेली नव्हती आणि मॅनेजरला ठाऊकही नव्हती. तिनं वाट्या मांडल्या आणि चमचे खोचले. एका बाईनं थांबून विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय घ्या, सूप राहू द्या. बाईनं तसं केलं.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. आज तो येतोय, सकाळी, एकटाच. वहिनी कामावर आहे. भाजी आणतोय, करणारही तोच. कशी होईल ते माहीत नाही, पण आईला आणि तिला उठायचं काम नाही.

ती अंथरुणातच होती. घोटे अजून दुखत होते.

‘कडी नाही लावलेली,’ ती म्हणाली. ‘ढकलून ये.’

आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटले.