आत्याचं निजलेलं रबर

कारखान्यात सगळे तिला आत्याच म्हणत. तीस वर्षं ती दोन फिरत्या लोखंडी रुळांमध्ये रबर मळत होती. त्यात गंधक आणि काजळी एकजीव झाली की लादी फळीवर पसरायची, वर धुतलेलं फडकं घालायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि सांगायची, आता सकाळपर्यंत निजू दे त्याला.

तिचा भाऊ वारल्यावर त्याचा कारखाना भाच्याकडे आला. शिकलेला पोरगा, त्याला ही सगळी पूजाअर्चा वाटे. "रबर म्हणजे काय तान्हं बाळ आहे?" असं तो सर्वांदेखत म्हणायचा. कुबड्यांच्या बुडाला लावायच्या टोप्यांची मोठी मागणी हॉस्पिटलकडून आली, तेव्हा त्याने घाईघाईत मळलेला माल तसाच साच्यात भरायला लावला. टोप्या वेड्यावाकड्या निघाल्या. कुठली घट्ट, कुठली सैल. दोन खेपा परत आल्या. तिसरी परत आली असती तर काम हातचं जाऊन कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

आत्याने टोमणा मारला नाही. तिने नुकत्याच मळलेल्या लादीतून एक गोल चकती कापली, आदल्या दिवशीच्या निजलेल्या तुकड्यातून दुसरी, आणि दोन्ही भाच्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या. चहा संपेपर्यंत ताजी चकती आक्रसून लांबट झाली होती. दुसरी होती तशीच गोल.

"रुळांनी ताणलंय ना त्याला, ते अंग चोरतं. रात्रभर निजलं की ताण उतरतो," आत्या म्हणाली. "तुझे आजोबा सांगायचे, कच्चं रबर उन्हात चिकटायचं, थंडीत तडकायचं. माणसं त्याच्यामागे वर्षानुवर्षं झिजली, तेव्हा कुठे गंधक घालून तापवायची युक्ती सापडली. आणि तुला एका रात्रीचा धीर नाही?"

तिसऱ्या खेपेचा माल रात्रभर निजला.

हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर कडक. त्यांनी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, नवी टोपी चढवलेली कुबडी टेकली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. कुबडी तसूभरही सरकली नाही. त्यांनी आणखी एकदा जोर लावून पाहिला, हसल्या, आणि वर्षभराचं काम लिहून दिलं.

भाचा हॉस्पिटलातून धावतच परतला. बातमी सांगायच्या आधी त्याची नजर फळीकडे गेली. एक कामगार फडकं उचलून पाहत होता.

"हात लावू नका, निजलंय ते," भाचा दबक्या आवाजात म्हणाला.

"का रे," आत्याने रुळापाशी उभ्या उभ्या विचारलं, "तान्हं बाळ आहे का?"

सगळा कारखाना हसला. आत्याने वर पाहून हात जोडले आणि रूळ सुरू केले.