चौथी सखू

त्या टोलीवर सखू नावाच्या बायका इतक्या, की पिंपळाखाली उभं राहून कुणी "वो सखू" म्हणून हाक मारली तर चार घरांतून "काय वो?" असं उत्तर येई. याचं सगळं श्रेय सखू सुईणीला. आंजीच्या पलीकडे, माळाच्या कडेला वसलेल्या त्या वस्तीत अर्धी माणसं तिच्याच हातून जगात आली. बाळंतपण अडलं आणि पोरगी वाचली, तर तिला सुईणीचं नाव द्यायचं, अशी तिथली रीत. सुईण गेली, पण नाव काही जायला तयार नव्हतं.

दुसरी सखू गाणारी. तिच्या गळ्याशिवाय पंचक्रोशीत नवरीला हळद लागत नसे. नागपूरला रेडिओवर एकदा गाऊन आली, आणि ती एक वारी तिला आयुष्यभर पुरली. तिसरी जंगू उइकेची सखू. कासोटा खोचून, हातात काठी घेऊन, पंधरा-वीस बायकांसह नाल्याकाठच्या दारूभट्ट्या फोडणारी. जिल्ह्यात दारूबंदी आहे हे सरकारला आठवत असो वा नसो, हिला आठवत होतं. तिला सगळे मोठी सखू म्हणत.

आणि चौथी आपली, अमर उइकेची बायको. हिला काहीच येत नव्हतं, असं गाव म्हणे. म्हणजे निंदण यायचं, कापूस वेचणं यायचं, नवऱ्याला आणि दोन पोरांना जेवू घालणं यायचं, पण याला कोण येणं म्हणतं? तालुक्याहून कुणी पाहुणा विचारत आला की ही दारातूनच सांगे, "ते मी नाई. तिकडल्या आळीत जा." सांगताना तिला वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे. नावाचं ओझं दुसऱ्या दोघी वाहत होत्या.

मग सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं आणि मोठी सखू उभी राहिली. ती निवडून येणार यात टोलीला शंका नव्हती, आणि वासुदेवरावांनाही नव्हती. नाल्यावरच्या भट्टीत कुणाची भागीदारी होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नसे. वासुदेवरावांनी आपल्याकडून वर्षाली मडावी नावाची एक गरीब पोर उभी केली, आणि तेवढ्यानं भागणार नाही म्हणून एका सकाळी अमरच्या दारात येऊन खाटेवर बसले.

"सखूबाई, तुमी बी फॉर्म भरा."

सखू हसली. थट्टा वाटली तिला. "मले कोन मत देईन, भाऊ?"

"कोनी देऊ नये, हेच तर पाह्यजे. नाव सारखं, आडनाव सारखं. पन्नास-साठ बाया चुकून तुमचं बटन दाबतीन. तेवढं झालं की आपलं काम झालं."

सखूनं मान हलवली. "मोठी मले सख्ख्या बहिणीसारखी हाय. हे मले जमनार नाई."

वासुदेवराव रागावले नाहीत. राग बरा असतो, त्याला उत्तर देता येतं. त्यांनी घराच्या कुडाकडे पाहिलं, वर छपराकडे पाहिलं आणि म्हणाले, "कवेलू चांगले टाकले, अमर. माया वावराच्या धुऱ्यावर, माया जागेत घर बांधलं तुमी, मी कधी काई म्हनलं काय?" एवढं बोलून उठले. अमर त्यांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं सखूकडे पाहिलंच नाही. "सही करून टाक," म्हणाला, "आपल्याले काय करा लागते?"

तिनं सही केली. मेली ती तिथंच.

मोठी सखू दोन दिवसांनी आली. शांतपणे चुलीजवळ बसली, चहा प्यायली. मग म्हणाली, "मी पडली तर पडली. मले खुर्चीचं काई नाई. पन भट्टी हटनार नाई मंग. तेवढा विचार करजो." शिव्या घातल्या असत्या तर सखूला झोप तरी लागली असती.

तिनं ठरवलं, अर्ज मागे घ्यायचा. घर जाईल तर जाईल. हे तिनं फक्त अमरला सांगितलं. आणि अमरनं, भित्रा माणूस, मालकाला सांगितलं.

माघारीच्या दिवशी सकाळीच दारात गाडी उभी. वासुदेवरावांचा मुलगा सचिन बायको सुरभीसोबत शहराकडे, सिंदी मेघेला राहायचा. "काकू, सुरभीनं सांडगे घालायले बोलावलं. चला, दुपारी सोडून देतो." नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाला गाडीत बसवायला बळ लागत नाही. वाटेत तहसीलवरून जाऊ, असं मनाशी म्हणत ती बसली. गाडी तहसीलवरून गेली, थांबली मात्र नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. फरशी इतकी चकचकीत की पाय टेकवायची लाज वाटावी. सांडग्यांचं पीठ नव्हतं, मिरच्या नव्हत्या, काहीच नव्हतं. सचिन बाहेर पडला आणि दाराला कुलूप लावल्याचा आवाज आला.

"पोरी, मले जाऊ दे वो," सखू सुरभीला म्हणाली. "तीनच्या आत पोचा लागते."

सुरभी पदवी घेतलेली, बोलायला गोड. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, किल्ली ते सोबत घेऊन गेले. मी पन आतच आहे ना." तिनं चहा केला, टीव्ही लावला. सखू सोफ्यावर बसली नाही. गॅलरीत गेली, खाली पाहिलं. खाली एक माणूस लसूण विकत होता. त्याला हाक मारावी आणि काय सांगावं? मला पळवून आणलं म्हणावं, तर मी स्वतःच्या पायांनी गाडीत बसले. तिला त्या दिवशी स्वतःचाच इतका संताप आला की गॅलरीच्या गजावर तिनं मूठ आपटली. तीन वाजून गेले. दार उघडलं. दुपारी सोडतो म्हटलं होतं, आणि सचिन शब्दाला जागला.

मतदान झालं. यंत्रावर बाराखडीप्रमाणे नावं लागली होती. अमरची सखू सगळ्यात वर, तिच्याखाली जंगूची. तरण्या पोरींनी चिन्हं पाहून बटण दाबलं. पण टोलीवरच्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदू, त्यांना कुठली छत्री दिसते आणि कुठला पंखा? सखू नावाच्या दोन बाया वरच आहेत, हे त्यांना घरी सांगितलेलं होतं. टोलीवर पंगतीत मोठा माणूस आधी बसतो, देवाचा नैवेद्य मोठ्याच्या हातून जातो. म्हाताऱ्यांनी सरळ हिशेब केला की मोठीचं नाव वरच असणार. आणि एकामागून एक, देवाचं नाव घेऊन, सगळ्यांनी वरचं बटण दाबलं.

पन्नास-साठ नाही, इतकी मतं पडली की अमरची सखूच निवडून आली.

निकालाच्या ठिकाणी वासुदेवराव आधी गोंधळले, मग असे हसले की ढेरी हलली. वर्षाली पडली तर पडली, सरपंच आपल्याच धुऱ्यावर राहते. गुलाल उधळला. सखूला उचलून ट्रॉलीवर चढवलं, ट्रॅक्टर अमरच चालवत होता. तिच्या तोंडात गुलाल गेला होता, आणि रडते की खोकते हे कुणाला कळत नव्हतं. कळून घ्यायचंही नव्हतं.

टोलीच्या तोंडाशी मिरवणूक थांबली, कारण रस्त्याच्या मधोमध रुख्माबाई उभी होती. तिचा एकुलता मुलगा त्याच भट्टीची दारू पिऊन गेला होता. म्हातारी चाचपडत ट्रॉलीशी आली, वर हात केले. सखू खाली वाकली तेव्हा तिनं तिचे दोन्ही हात धरले.

"सखू, भट्टी कवा बंद करतं वो?"

सखूला हुंदका आला. "मावशी, मी अमरची सखू वो. तुमाले मोठीले मत द्याचं होतं. मी ते नाई."

"माहीत हाय मले," म्हातारी म्हणाली. "मोठीनंच सांगतलं आता. चुकलं आमचं. पन सरपंच तर तूच हाय ना? मंग तूच सांग, कवा बंद करतं?"

फटाके थांबले होते. मागून वासुदेवरावांचा आवाज आला, "सखूबाई, इकडे पाहा, लोकायले हात जोडा, फोटो काढाचा हाय."

सखूनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. रुख्माबाई ते सोडत नव्हती.