बांधामागचं झाड

सोनगीरच्या किल्ल्यावरून पूर्वेला पाहिलं की पांढऱ्या मातीची चार-दोन गावं दिसतात. त्यातल्या एका गावात मी दीड वर्ष शाळामास्तर होतो. ते गाव मला आवडलं नाही आणि मीही गावाला आवडलो नाही.

चित्रकलेच्या दोन परीक्षा पास होऊन मी धुळ्याहून आलो होतो, आणि तेवढ्यावरूनच हेडमास्तरांचा माझ्यावर राग. आठवड्यातला चित्रांचा एक तास ते गणिताला लावत. मी भांडून तो परत घेतला. त्यानंतर ते माझ्याशी जरूर पडेल तेवढंच बोलत, आणि मीही तेच करी. आमच्या दोघांचं हे वैर पोरांनाही कळत होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात मी तिसरीच्या मुलांना शाळेबाहेर नेलं. गावाजवळच एका बऱ्या शेतकऱ्याची विहीर होती. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. नऊ वर्षांची, अबोल, अक्षर वाईट. विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, मुलांना बसवलं आणि समोरचा निंब काढायला सांगितला. निंबाच्या अलीकडे शेताचा बांध होता. बांधापलीकडचं शेत त्या शेतकऱ्याच्या चुलतभावाचं.

पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते, हे मी त्याआधी दोन तास पोरांना शिकवलं होतं. तरी सगळ्यांनी निंबाचं खोड मुळापर्यंत काढलं. झाड आहे म्हणजे त्याला बुंधा असणारच, अशी त्यांची समजूत. फक्त या मुलीनं आडवा बांध काढला आणि खोड त्याच्यामागे अर्धवट तोडलं. मी तिला विचारलं, बुंधा कुठे गेला? ती म्हणाली, "माले दिसनं तसं मी काढं."

त्या गावात मला झालेला आनंद बहुधा तेवढाच. तिचं चित्र मी वर्गाच्या भिंतीवर लावलं. हेडमास्तर ते पाहून म्हणाले, झाड अधुरं आहे.

होळीच्या सुमाराला तिच्या बापानं तो निंब तोडला, बुंधा उकरून काढला आणि बांध चार हात पलीकडे सरकवला. चुलतभावानं बोंब मारली की झाड माझं, बांध माझ्या शेतात आणला. बापाचं म्हणणं, झाड पहिल्यापासून माझ्याच बाजूला होतं. दोन घरांत काठ्या निघाल्या. मग चुलतभावाच्या पोरानं घरी सांगितलं की ते झाड शाळेच्या भिंतीवर आहे.

पंच चावडीत बसले. मला बोलावलं. चित्र आधीच तिथे पोचलं होतं. भिंतीवरून ते कोणी काढून नेलं, मला आजही माहीत नाही. हेडमास्तरांनी वाटेत मला गाठलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. लहान पोर आहे, चुकली म्हणायचं, प्रकरण मिटेल, शाळेला त्रास होणार नाही. खरं तर त्यांचा सल्ला वाईट नव्हता. पण तो त्यांनी दिला होता, म्हणून मी तो मानणं शक्यच नव्हतं.

चावडीत मुलीला बापानं शेजारी उभं केलं होतं. बाप माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, पोर चुकनी. म्हना चुकनी."

मी चित्र हातात घेतलं आणि पंचांना समजावून सांगितलं. मुलं विहिरीवर, म्हणजे हिच्या वडिलांच्या शेतात बसली होती. तिथून आधी बांध लागतो. बांधानं खोड झाकलं आहे, म्हणजे झाड बांधाच्या पलीकडे होतं. बाकी तीस मुलांचं चुकलं, हिचं एकटीचं बरोबर आहे. हे मी आवाज चढवून सांगितलं. सत्याची मला इतकी चाड होती असं आज म्हणवत नाही. हेडमास्तर दाराशी उभे होते आणि मी त्यांना ऐकवत होतो. मुलीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

बांध मागे सरला. चुलतभावानं माझ्याकडे गुळाची ढेप पाठवली, ती मी परत केली. मग तोही माझा वैरी झाला. मुलीच्या बापाच्या शब्दाखातर मला दूध घालणारीनं दूध बंद केलं. खोलीच्या पत्र्यावर दगड पडू लागले. वर्गातली निम्मी पोरं चित्रांच्या तासाला उठून जात आणि हेडमास्तर त्यांना आपल्या वर्गात बसवून पाढे म्हणून घेत.

मुलगी त्या दिवसानंतर शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो, तर तिच्या आजीनं उंबऱ्यातूनच बजावलं की पुन्हा आलात तर पाय मोडतील.

पावसाळ्याआधी माझी साक्रीला बदली झाली. तक्रार हेडमास्तरांनीच केली होती आणि त्यांनी ते लपवलंही नाही. निघायच्या सकाळी ती मुलगी पाणवठ्याच्या वाटेवर भेटली. डोक्यावर घागर होती. मी थांबलो, तिला सांगितलं की तुझं चित्र फार चांगलं होतं, चित्र काढणं सोडू नकोस. घरी वेळ मिळेल तेव्हा काढत जा.

ती थांबली नाही. बाजूनं जाताना म्हणाली, "मनं चित्र चुकनं, आशे सांगानं व्हतं तुम्हीन."

साक्रीला मी पुढे अकरा वर्षं शिकवलं. मुलांना शेतावर अनेकदा नेलं. पण कोणाच्या शेतात जायचं हे आधी विचारून घेई, आणि चित्रं तास संपताच ज्याची त्याला देऊन टाकी. भिंतीवर पुन्हा काही लावलं नाही. त्या मुलीचं पुढच्याच वर्षी शिरपूरकडे लग्न झालं, एवढं कानावर आलं. हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाचं निमंत्रण मला आलं होतं. मी गेलो नाही.