पिट्टूतली ज्वारी

जानेवारीत आमच्या अल्लीपूरच्या घरात कापसाशिवाय दुसरे काही दिसत नसे. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, आणि सगळीकडे सरकीचा तो उबदार, तेलकट वास. त्यामुळे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत आम्हा मुलींनी लढाईवर निघालेल्या सैनिकांचा देखावा करायचा असे शाळेत ठरले, तेव्हा पाठीवरचे थैले आम्ही कापसानेच भरले. ते टम्म फुगले. आम्ही अंगणात तालमीला उभ्या राहिलो.

माझे काका मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलातून चालून आले होते. त्याविषयी ते कधी बोलत नसत. त्या दिवशी मात्र खाटेवरून हसले.

"काऊन वं पोरीहो, गाद्या घेऊन माहेरले चालल्या का लढाईले?"

"दिसाले तर तसंच दिसते ना, काकाजी," मी म्हणाले.

"दिसाले दिसते. पण पाठीले खोटं समजते, अन् पाठीपासून पायाले."

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण कुंपणापलीकडे शेजारच्या मावशी उभ्या होत्या. त्यांचा एकुलता मुलगा काकांबरोबरच भरती झाला होता आणि परतला नव्हता. त्याचा वर्दीतला फोटोही घरात नव्हता.

"म्या त्याले धोतरावरच पाह्यलं," त्या माझ्याकडे बोट करून काकांना म्हणाल्या. "फौजेत कसा चालत असंन, डोळ्यापुढं येतच नाई. हे पोरगी खरं चालंन त मी येतो फेरी पाह्याले. गंमतच करायची असंन, त मले बोलावू नोका."

एवढे बोलून त्या घरात गेल्या. काकांचे हसू मावळले होते. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आपला पिट्टू, तो पाठीवर बांधायचा खाकी थैला, बाहेर काढला. इतक्या वर्षांनीही त्याला कुजक्या पानांचा वास होता. त्यात त्यांनी ज्वारी ओतली, पाठीच्या बाजूला घोंगडीची घडी सारली आणि पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरली.

"अर्धी ठेवजो नोको. अर्धं पाणी चालताना बोलते. जंगलात तो आवाज नाई पाह्यजे."

त्यांनी पिट्टू माझ्या पाठीवर चढवला, तसे पट्टे खांद्यात रुतले. छाती फुगवायची नाही, अंगठे पट्ट्याखाली ठेवायचे, नजर पुढच्याच्या टाचांवर. माझी पाठ आपोआप किंचित पुढे झुकली आणि पावले जमिनीलगत पडू लागली. काका बराच वेळ पाहत राहिले.

"लई थकलं का मागचा गडी पिट्टूले खालून हात लावे," ते हळूच म्हणाले. "घडीभरच. तेवढ्यात समोरचा श्वास घेऊन घे." मग कुंपणाकडे पाहून म्हणाले, "माह्या मागं तिचा पोरगा चाले."

फेरीच्या सकाळी हवा काचेसारखी थंड होती. मैत्रिणींचे कापसाचे थैले माझ्यापुढे डुलत होते. मी रांगेत शेवटची. बाजारचौकाच्या कडेला मावशी पदर घट्ट लपेटून उभ्या दिसल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. पाहिले ते पायांकडे, पट्ट्यांकडे, झुकलेल्या पाठीकडे. मी पुढे गेले आणि एकाएकी खांद्यांवरचा भार हलका झाला. मागून बांगड्यांची किणकिण आली. त्यांचा तळहात पिट्टूखाली होता.

"जड हाये वं हे."

"हो, मावशी."

"एवढं घेऊन चालत होता त मंग," त्या म्हणाल्या. "चाल तू. मी हावो मागं."

शाळेच्या फाटकापर्यंत तो हात निघाला नाही. इतका खोल श्वास मी त्यापूर्वी घेतल्याचे मला आठवत नाही.

संध्याकाळी मावशींनी पिट्टूतली ज्वारी मागून नेली, दळली आणि काकांना व मला जेवायला बोलावले. चुलीच्या उजेडात त्यांचे हात भाकरी थापत होते, आणि पहिल्यांदाच काका त्यांच्या मुलाविषयी सांगत होते: तो कसा चालायचा, चालताना कुणाची नक्कल करायचा. मावशी मध्येच हसल्या. भाकरीला फुगा आला. ती त्यांनी माझ्या ताटात वाढली. त्या गरम वाफेचा गोड, मातकट वास अजूनही कुठे भेटला, की हात आपोआप जुळतात.