चार नंबरच्या बीटचा अहवाल

डिलिस प्रॉसर रविवारी चॅपेलात ऑर्गन वाजवी. ताल कधी चुकत नसे, आणि लोक म्हणत, बाई कधी रंगातही येत नाही. उरलेले दिवस ती अबेरलास गावच्या कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत, असे. आधी दहा वर्षं ती रस्त्यावर पार्किंगची वॉर्डन होती. मग कौन्सिलने ते काम एका कंत्राटदाराला दिलं आणि डिलिस टेबलाशी आली. कंत्राटदार नीट काम करतो की नाही, हे तपासून दर मार्चला समितीपुढे अहवाल ठेवायचा, हे तिचं काम. वॉर्डनांच्या वर्षभराच्या नोंदींतून दोनशे नोंदी ती चिठ्ठ्या टाकून काढी आणि एकेक ताडून बघे.

त्या वर्षी चार नंबरच्या बीटच्या, म्हणजे एका वॉर्डनच्या फेरीतल्या रस्त्यांच्या, नोंदींपाशी ती थबकली आणि तिने त्या सगळ्याच काढून बघितल्या.

ज्या रस्त्यावर गाडी तासभर फुकट लावता येते, तिथे वॉर्डन चाकांचे हवा भरायचे व्हॉल्व्ह बघतो आणि त्यांची जागा घड्याळाच्या आकड्यांत लिहून ठेवतो. तासाभराने व्हॉल्व्ह त्याच आकड्यांवर असले, तर गाडी हललेली नाही. चार नंबरच्या बीटवर दुपारी दोननंतरच्या नोंदींत सहा आठवडे गाड्या रोज वेगळ्या होत्या. व्हॉल्व्ह मात्र रोज पुढचा तीनवर आणि मागचा सातवर.

त्या बीटवर एकच माणूस होता, आयव्हर प्यू. व्हॉल्व्ह कसा बघायचा हे डिलिसला त्यानेच शिकवलं होतं, भर गारठ्यात रस्त्यावर उकिडवं बसवून.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती केंब्रियन स्ट्रीटवर गेली. आयव्हर रस्त्यावर नव्हता. कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमाच्या खिडकीत त्याची टोपी दिसली. डिलिस आत गेली आणि दारातच थांबली. आयव्हरची बायको नेस्टा खुर्चीत बसली होती, आणि तो पूर्ण गणवेशात तिच्यापुढे उभा होता.

"पाचच मिनिटं हो वॉर्डनसाहेब," नेस्टा काकुळतीला येऊन म्हणत होती. "नवरा पार्किंगसाठी सुटे पैसे आणायला गेलाय. येईलच इतक्यात. जरा वेंधळा आहे तो."

"वेंधळा होता तर केलात कशाला?"

"तुमच्यापेक्षा दिसायला बरा होता म्हणून!" नेस्टा खुदकन हसली. "बसा ना. उभ्याने पाय दुखत असतील."

आयव्हर बसला. तिने आपणहून त्याच्या हातात बिस्किट ठेवलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "साध्या कपड्यांत गेलो की किंचाळते. परका माणूस खोलीत शिरला म्हणते. या कपड्यांत गेलो की बोलते तरी. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत यायचो. मग कंत्राटदाराने नवाचे पाच वॉर्डन केले, माझी बीट दुप्पट झाली आणि सुट्टी सकाळी अकराला गेली. अकराला तिला अंघोळ घालतात."

"आणि नोंदी?"

"इथेच बसून केल्या. खिडकीतून गाड्यांचे नंबर दिसतात." तो खाली बघून म्हणाला, "व्हॉल्व्ह नाही दिसत."

डिलिसने वळून त्या खिडकीकडे पाहिलं.

"तेवढ्या चिठ्ठ्या बाजूला ठेव ना, पोरी. दुसऱ्या काढ. तुला कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही. पण त्यातल्या एका गाडीला तुम्ही दंड लावलात, आयव्हर. रिअनन म्हणून मुलगी आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करते. ती मधे गाडी काढून पुन्हा आली होती. तसं तिने लिहूनही कळवलं. आपण उत्तर दिलं, व्हॉल्व्ह हललेले नाहीत. खोटारडी ठरवली तिला."

आयव्हरने टोपी काढली, उगाच आत बघितलं आणि परत घातली.

"मग लिहिलंच पाहिजे," तो म्हणाला. पण डिलिसच्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं नाही.

तिने लिहिलं. 'चार नंबरच्या बीटच्या दुपारच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' नाव घातलं नाही. खाली चार परिच्छेद लिहिले, रात्री झोप येईना तेव्हा मनात घोळवलेले: वॉर्डन कमी केले, बीट मोठ्या केल्या, सुट्ट्या गैरसोयीच्या केल्या, दोष कंत्राटदाराचा आहे, त्याला माणसं वाढवायला लावावीत. समिती हे सगळं वाचेल असं तिला मनापासून वाटत होतं. कागदात जन्म गेलेल्या माणसांची हीच चूक होते. कागद शेवटपर्यंत वाचला जातो, असं ती धरून चालतात.

समितीत तो विषय अकरा मिनिटं चालला. कंत्राटदाराचा व्यवस्थापक उठून म्हणाला, "पहिल्या मुद्द्यावर आम्ही तत्काळ कारवाई केली आहे. संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलंय." अध्यक्षांनी आभार मानले. त्या मुद्द्यापुढे हिरवी खूण पडली आणि कंत्राट आणखी पाच वर्षांसाठी वाढलं. रिअननला माफीचं पत्र गेलं, डिलिसच्या सहीचं. तेवढं एक झालं.

जिन्यात डिलिसने व्यवस्थापकाला गाठलं. "त्यांचा गणवेश तेवढा त्यांच्याकडे राहू द्या."

"बाई, उद्या कुणी तोतया तो घालून रस्त्यावर फिरला, तर पुढच्या मार्चला तुम्हीच लिहाल की! आणि कपडे मोजून परत घ्यायचे, हे कलम तर तुमचंच."

खरंच होतं. ते कलम कंत्राटात तिनेच घातलं होतं.

एप्रिलमध्ये ती आयव्हरला घेऊन वृद्धाश्रमात गेली. तपकिरी कोटात तो एकदम लहानखुरा दिसत होता. चार वेळा नेस्टाने आरडाओरडा करून त्याला बाहेर घालवलं होतं, म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसला आणि डिलिस एकटी आत गेली.

नेस्टाने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र निरखून पाहिलं. "कौन्सिलच्या का तुम्ही? बरं झालं आलात. तो वॉर्डन हल्ली येत नाही. काढलात की काय त्याला?"

डिलिसने ओळखपत्र मुठीत झाकलं.

"भला माणूस हो. थांबायचा माझ्यासाठी. त्याला सांगा, मी अजून इथेच आहे."

डिलिस बाहेर आली तसा आयव्हर उठून उभा राहिला.

"कशी आहे?"

"बरी आहे. तुमची वाट बघतेय."

"माझी?" त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "नाव घेतलं?"

डिलिस बाकावर बसली. नाही, एवढंच सांगायचं होतं. पण तिने नुसती शेजारची जागा हाताने दाखवली. आयव्हर वाट बघत उभाच राहिला.